नसलेल्या गाठींचे नाव

ज्या आजाराच्या नावात गाठी आहेत, त्या आजारात गाठी नसतात. 'पॉलिसिस्टिक ओव्हरी'विषयी, म्हणजे माझ्याच आजाराविषयी, वाचताना हे कळले आणि शब्दार्थ शिकवण्यावर पोट असलेल्या मला ते खटकले. सोनोग्राफीत दिसतात ती वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांचे लक्ष बीजांडकोशाकडे होते. पुढे नावही त्यावरूनच रूढ झाले.

नाव पडले की नजर ठरते. आमच्या घरी या आजाराची चर्चा पाळी, लग्न, मूल याच क्रमाने झाली. 'लग्न झालं की होईल सुरळीत,' असे आत्या म्हणाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाळी आली, विषय संपला. रक्तातली साखर मात्र कित्येक वर्षे कोणी तपासली नाही.

वास्तविक अनेकींच्या बाबतीत गोष्ट तिथूनच सुरू होते. पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला जादा टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. शिवाय त्याला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. मग हनुवटीवर केस येतात, बीजपुटके अडखळतात, पाळी लांबते. सडपातळ बायकाही यातून सुटत नाहीत. मधुमेहाचा धोका तर पाळी कायमची थांबल्यावरही उरतो.

गंमत अशी, की १९२१ मध्येच आशार आणि तिएर या फ्रेंच वैद्यांनी 'दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह' वर्णिला होता. तो नेमका हाच आजार नव्हे, आणि शब्द तर निर्दयच. पण साखर आणि पुरुषी संप्रेरके यांचे नाते त्यात एका ओळीत आले होते. नंतरच्या सभ्य नावाने ते झाकले. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन लक्षणे पुरेशी ठरली. म्हणजे बीजांडकोश निर्दोष दिसला तरी आजार असू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने नाव बदलावे, अशी शिफारसच केली.

रूपक अर्थ उजळवते तसे झाकतेही, हे आपण वर्गात शिकवतो. इथे झाकले गेले ते बाईचे उरलेले शरीर: तिचे यकृत, तिचे हृदय, तिची साठी. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निदानाच्या वेळी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायला सांगते. एखादी विद्यार्थिनी दबक्या आवाजात 'मॅडम, मला पीसीओडी आहे' म्हणते, तेव्हा मी पाळीविषयी काही विचारत नाही. साखर कधी तपासली होतीस, एवढेच विचारते.