मोत्या शिकला आणि बाईही शिकल्या



आजच्या लेखातला विद्यार्थी माझ्या वर्गातला नाही. तो दोन महिन्यांचा आहे, त्याला चार पाय आहेत आणि आल्या दिवशीच त्याने आमच्या घरात तीन ठिकाणी शू करून ठेवली होती.

फेब्रुवारीत मी धुळ्याला माहेरी गेले होते. भावाच्या मळ्यातली कुत्री व्याली होती आणि पिल्लं लहान असतानाच ती महामार्गावर गाडीखाली गेली. लेकीने हट्ट धरला. जळगावला परत येताना पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मोत्या आमच्यासोबत आला. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, जंताचं औषध दिलं, लसींच्या तारखा लिहून आणल्या. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

अवघड होती ती फरशी. देवघरासमोर, ओट्याखाली, लेकीच्या दप्तराशेजारी, मोत्याने एकही जागा सोडली नाही. मग मी काय केलं? लहानपणापासून जे पाहिलं तेच. त्याचं नाक त्या जागेवर घासलं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी पाठीवर मारली. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी फरशी कोरडी! मी खूश. संध्याकाळी कपाटामागून वास आला. वाकून पाहिलं तर सगळं तिथे साचलेलं.

म्हणजे मोत्या घरात घाण करायचा थांबला नव्हता, फक्त माझ्यासमोर करायचा थांबला होता. बाहेर अंगणात नेलं तरी तो माझ्याकडे बघत नुसता उभा राहायचा. आत आला की थेट कपाटामागे! सासूबाई म्हणाल्या, "मुकं जनावर शे ते. जागा दखाड त्याले, मारू नको."

खरं सांगते, लाज वाटली. डी.एड.ला असताना पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि स्किनरचं प्रबलन मी पाठ केलं होतं, पेपरात लिहिलंही होतं. खरा कुत्रा दारात आला तेव्हा मात्र हातात गुंडाळी!

मग पद्धत बदलली. कुणाच्या घरी पिल्लू असेल तर उपयोग होईल म्हणून सांगते:

१) वेळ आपण सांभाळायची. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं. एवढं लहान पिल्लू फार वेळ रोखू शकत नाही, म्हणून दिवसा साधारण दर दोन तासांनी आणि रात्रीही एकदा उठायचं.
२) जागा एकच. आमची मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली.
३) शाबासकी तिथल्या तिथे. काम झालं की त्याच क्षणी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. घरात येऊन दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही.
४) जमिनीचा वास घेत गोल फिरायला लागलं की उचलायचं. ती त्याची विचारण्याची रीत असते.
५) घरात झालंच तर न रागावता साबणाच्या पाण्याने नीट पुसायचं. वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जातं.

तीन-चार आठवड्यांत मोत्या स्वतःहून मागच्या दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागला. मला या आवाजाचं फार अप्रूप वाटलं. कारण आता तो मला विचारत होता.

आणि तेव्हाच मला माझ्या पहिलीच्या वर्गातला एक मुलगा आठवला.

मार्च लागला होता. सकाळची शाळा, तरी दहा वाजताच पत्रे तापलेले. सगळी मुलं घटाघटा पाणी पीत होती, पण याची बाटली रोज भरलेलीच घरी जायची. एकदा मधल्या सुट्टीनंतर त्याने "बाई, शूला जाऊ?" विचारलं तेव्हा मी वर्गासमोर म्हणाले होते, "आत्ताच सुट्टी झाली ना? तेव्हा काय करत होतास?" मुलं हसली होती. त्यानंतर त्याने कधी विचारलंच नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

ती शिस्त नव्हती. ते कपाटामागचं लपणं होतं. आपल्या जळगावच्या उन्हात एक सहा वर्षांचं लेकरू मला विचारावं लागू नये म्हणून तहानलेलं राहत होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासालाही मनाई करतं. मी त्याला बोटही लावलं नव्हतं, म्हणून आपण त्यात बसत नाही असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "शूला जायचं असेल तर विचारायचं नाही. दाराजवळचा लाल ठोकळा टेबलावर ठेवायचा आणि जायचं." पहिले दोन दिवस ठोकळ्याची नुसती मजा चालली, सगळ्यांनाच जायचं होतं! मग नवलाई संपली. तिसऱ्या दिवशी तो मुलगा उठला, ठोकळा ठेवला आणि माझ्याकडे बघत थबकला. मी नुसती मान हलवली. परत आल्यावर त्याने बाटली उघडली आणि अर्धी संपवली.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात सगळं कोरडं आणि शांत असेल तर चांगलंच आहे. पण एकदा कपाटामागे वाकून नक्की बघा.