तिसरा ताण

आबांना टीव्ही हवा होता तो 'आमची माती आमची माणसं' बघायला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत टीव्ही आला त्यानंतर दहाएक वर्षांनी. जुन्नरकडची जमीन भावाच्या हवाली करून आबा कारखान्यात फिटर झालेले. कांद्याच्या करप्याविषयी चार शब्द ऐकल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

अँटेना उंच हवी, वरळीच्या मनोऱ्याकडं तोंड करून. आबांनी वीस फुटी बांबू घराच्या वाशाला सुतळीनं आवळला. चित्र झकास आलं. मग मृगाचं पहिलं वादळ झालं आणि बांबू शेजारच्या काकूंच्या कौलांवर आडवा झाला. फुटक्या कौलाचा तुकडा थेट झोळीत पडला. पोरीला काकूंनी नुकतंच पाजायला घेतलं होतं, म्हणून वाचली.

आबांनी कौलं स्वतः बसवून दिली. टीव्हीवर फडकं टाकलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दीड इंची जस्ती पाइप घेऊन आले. पडलाच तर विजेच्या तारांवर पडू नये, म्हणून पाइपच्या लांबीहून जास्त अंतर सोडून मागच्या अंगणात खड्डा घेतला, खडी-सिमेंट ठासलं. पाणी आत शिरू नये म्हणून वरच्या तोंडाला टोपण. तांब्याची एक तार कोळसा-मिठात पुरलेल्या पत्र्यापर्यंत नेली, विजेसाठी.

"नुसत्या खड्ड्यावर भिस्त ठेवू नाय," आबा म्हणाले. "वारं हलवून हलवून ढिला करतं. मांडवाची मेढ ताणांवरच उभी ऱ्हाती."

तीन दिशांना तारेचे तीन ताण, सारख्या अंतरावर. तेही फार आवळायचे नाहीत, पाइप वाकतो. दोन ताण आमच्या हद्दीत बसले. तिसऱ्याची खुंटी नेमकी काकूंच्या अंगणात येत होती. कोणत्या तोंडानं मागायची?

"दोनांवर भागवू," आबा म्हणाले. "पडला तर आता आपल्याच घरावर पडंल."

काकू भिंतीपलीकडून ऐकत होत्या. पोरीला कडेवर घेऊनच आल्या. तुळशीच्या बाजूला पायानं जागा दाखवली.

"हितं ठोका, भाऊ. तुमच्या घरात काय लेकरं निजत नाहीत?"

आबांनी मान खाली घालून खुंटी ठोकली.

त्या पावसाळ्यात खांब जागचा हलला नाही. काकू मात्र त्या ताणावर पोरीची दुपटी वाळत घालायच्या आणि ओझ्यानं तार सैल पडायची. दर रविवारी आबा पाना घेऊन जायचे, दुपटी बाजूला करायचे, तार कसायचे आणि दुपटी पुन्हा होती तशी तारेवर टाकून परत यायचे.