रजेचा हिशेब

सरकारी कारकुनाचे अर्धे आयुष्य दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून पाहण्यात जाते. या कामातही एक रस आहे हे मला कळले, ते बिनय-बादल-दिनेश बागेजवळच्या कचेरीत नव्हे, तर संध्याकाळी घरी जावा भाषेची उजळणी करताना.

विषय साधाच घेतला होता : अर्जित रजा. दर १ जानेवारीस व १ जुलैस १५ दिवस जमा, संचयाची मर्यादा ३००. कोणी म्हणेल, बेरीज करावी आणि ३०० च्या वरचे छाटावे! पण समजा, एखाद्या शिपायाच्या खाती २९० दिवस आहेत. १९७२ चे रजा-नियम सांगतात की, अशा वेळी नवे १५ दिवस वेगळे ठेवावेत व त्या सहामाहीतील रजा आधी त्यांतून वजा करावी. त्याने ८ दिवस घेतले, तर शिल्लक २९७. आधीच छाटले, तर २९२. जूनअखेर तो निवृत्त झाला, तर शिल्लक रजेच्या रोख रकमेतून त्याचे पाच दिवसांचे वेतन गेलेच म्हणायचे.

म्हणून प्रोग्रॅमच्या आधी तपासणी लिहिली. मेव्हनच्या शिस्तीत मूळ लेखन एका कप्प्यात व तपासण्या दुसऱ्या कप्प्यात राहतात. पॉम फायलीत जेयुनिटची नोंद केली, की 'एमव्हीएन टेस्ट' एवढा हुकूम पुरतो. एक जरी तपासणी फसली, तरी पुढची बांधणी थांबते. (आमच्या बडोबाबूंना हा अधिकार असता तर!) मात्र मेव्हनला नावाचा भारी सोस. वर्गाच्या नावाच्या आरंभी वा शेवटी 'टेस्ट' नसेल, तर तो तिकडे ढुंकूनही पाहत नाही आणि वर यशाचा शेरा मारतो. तेव्हा शेऱ्याआधी मी 'किती तपासण्या चालल्या' हा आकडा वाचतो.

परंतु प्रोग्रॅम माझा आणि उत्तरेही माझीच, यात कसली तपासणी? याच शहरात १९३१ साली संख्याशास्त्र संस्था स्थापणारे महालनोबिस बंगालच्या पीक-पाहणीत एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या चमूंकडून काढवीत आणि आकड्यांतील अंतर पाहत. मीही अपेक्षित उत्तरे रजा-विभागातील एका बंगाली सहकाऱ्याकडून, नियमपुस्तक समोर ठेवून, कागदावर करवून घेतली. त्यांचेही २९७ च आले.

मग मुद्दाम २९७ च्या जागी २९२ लिहून हुकूम दिला. बांधणी थांबली. पुन्हा २९७ लिहिले आणि चहा टाकायला उठलो.