देवाने घेतलेली पावती

हैदराबाद पाहावयास निघालेला प्रवासी प्रथम चारमिनारपाशी जातो, आणि ते रीतीला धरूनच आहे. १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने ही वास्तू उभारली व तिच्या चार कमानींतून चार दिशांस रस्ते काढून नगर वसविले. आपल्या जुन्या मराठी कागदांत या नगराचे नाव भागानगर असे येते. आज त्या रस्त्यांवर पाऊल ठेवावयास जागा मिळणे कठीण. लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांचे ढीग, पत्थरगट्टीला मोत्यांच्या पेढ्या, कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी चहाच्या किटल्या, आणि या सर्वांतून वाट काढणाऱ्या रिक्षा. मिनारांच्या मध्ये चारी अंगांना १८८९ साली घड्याळे बसविली आहेत. परंतु त्यांच्याकडे मान वर करून पाहावयास त्या गर्दीत कोणास सवड असेल असे वाटत नाही.

आमच्या गावच्या देवस्थानाची दहाबारा मंडळी भद्राचलमच्या यात्रेस निघाली होती. वाटेत दोन दिवस हैदराबादेत मुक्काम ठरला, म्हणून हे शहर आम्हांस पाहावयास मिळाले. मंडळीत देवस्थानाचे अध्यक्ष होते व जुने खजिनदार भाऊही होते. हे दोघे एकाच गाडीत बसून आले खरे, परंतु गेली दोन वर्षे ते एकमेकांशी बोलत नाहीत. कारण सर्वांस ठाऊक होते. अन्नदानासाठी जमविलेल्या रकमेतून गर्भगृहाच्या चौकटीला चांदीचा पत्रा चढविला गेला. पैसा कोणाच्या घरी गेला नाही. देवाच्याच दारी लागला. तरी भाऊंनी हिशेबावर सही करण्याचे नाकारले, खजिनदारपद सोडले, आणि गावाचे दोन तट पडले. ज्या घरांतून पिढ्यान्पिढ्या एकमेकांकडे नैवेद्याचे ताट जात असे, त्या घरांतून आता साधा प्रसादही जाईनासा झाला आहे.

चारमिनारहून आम्ही मुसी नदीच्या काठी आलो. काठावरील उच्च न्यायालयाची इमारत पाहून वकिलाचे पाऊल थबकावे, यात नवल नाही. तांबड्या दगडाची, घुमटांची ही वास्तू १९२० साली खुली झाली. १९०८ च्या सप्टेंबरात या मुसीला प्रलयंकारी पूर आला होता, व त्यात हजारो माणसे वाहून गेली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेप्रमाणे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधून नदीला आवर घालण्यात आला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे नांदेड-परभणीचा पक्षकारही आपले अपील घेऊन याच शहरी येत असे. येथील वकिलांत केशवराव कोरटकरांसारखे मराठी गृहस्थ अग्रभागी होते. ते पुढे याच राज्याच्या न्यायासनावर बसले. न्यायालयाची भाषा उर्दू होती, म्हणून मराठी मनुष्य तेथे अगदीच परका ठरत नसावा. वकील, फिर्याद, दस्तऐवज, जामीन हे सारे शब्द आपण फारसीच्या वाटेने कधीच घरात घेतले आहेत. अनामत आणि अफरातफर हेही त्याच वाटेने आले. हे शेवटचे दोन शब्द आम्ही सहज बोलून गेलो. पण अध्यक्ष नदीकडे पाहू लागले व भाऊ इमारतीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहराच्या पश्चिमेस असलेल्या गोवळकोंड्यास गेलो. काकतीयांच्या काळापासूनचा हा गड. तो बहामनींकडे गेला, व १५१८ पासून १६८७ पर्यंत कुतुबशाहीचे मूळ ठाणे झाला. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली उभे राहून टाळी वाजविली, तर ती वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते. शत्रू दाराशी आल्याची वर्दी क्षणात वर पोहोचावी, अशी ही योजना. प्रत्येक प्रवासी येथे टाळी वाजवितो. आमच्या मंडळींनीही वाजविली. वर जाताना साडेतीनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. माथ्याजवळ देवीचे छोटे देऊळ आहे, आणि आषाढातील बोनालूचा उत्सव दरवर्षी प्रथम याच गडावर सुरू होतो.

मराठी माणसास हा गड आणखी एका कारणाने जवळचा आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयास निघालेले शिवाजी महाराज भागानगरास आले व अबुल हसन कुतुबशहा ऊर्फ तानाशहा याच्याशी त्यांनी स्नेहाचा करार केला. महाराजांच्या बाजूने प्रल्हाद निराजी हे या दरबारी वकील होते. त्या काळी वकील म्हणजे राजाचा प्रतिनिधी; आमचा धंदा त्याच शब्दाचा धाकटा वारस आहे. तानाशहाच्या बाजूने बोलणी करणारा त्याचा मुख्य कारभारी मादण्णा हा ब्राह्मण होता. त्याचा भाऊ अक्कण्णाही मोठ्या अधिकारावर होता. या दोघा भावांचे पुढे गोवळकोंड्यातच खून पडले.

परंपरा सांगते की या दोघांचा गोपण्णा नावाचा एक भाचा होता. तो पाल्वंचा परगण्याचा तहसीलदार. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी जेथे भद्राचलमपाशी पोहोचते, तेथे त्याने रामाचे देऊळ उभारले. लोकांची वर्गणी पुरली नाही, तेव्हा सरकारी वसुलाचा पैसा त्यात घातला. रक्कम सहा लाख मोहरांची, असे कथा म्हणते. तानाशहाने त्यास गोवळकोंड्याच्या कोठडीत टाकले, आणि मामा दिवाण असूनही भाचा बारा वर्षे तेथेच राहिला. तेलुगु मुलखाचे भक्तश्रेष्ठ रामदास ते हेच. आपले समर्थ निराळे, मात्र काळ एकच.

ती कोठडी आजही दाखवितात. उंच छताची, अंधारी. वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. भिंतीवर राम, सीता, लक्ष्मण व मारुती यांच्या आकृती आहेत, त्या रामदासांनीच कोरल्या असे सांगतात. येथेच त्यांनी देवाला आळविणारी पदे रचली. त्यांतील एक पद मोठे विलक्षण आहे. त्यात स्तुती थोडी व हिशेब फार. प्राकाराला इतक्या मोहरा, भरताच्या पदकाला इतक्या, सीतामाईच्या दागिन्याला इतक्या, असे एकेक कलम रामापुढे मांडून भक्त त्याच्यावर रागावतो, आणि शेवटी रागावल्याबद्दल क्षमाही मागतो. पुढे कथा अशी की, एका रात्री रामोजी व लक्ष्मोजी या नावांचे दोन तरुण तानाशहाच्या शयनगृहात आले. त्यांनी सारी रक्कम मोजून दिली, पावती मागून घेतली, आणि ती निजलेल्या रामदासांच्या जवळ ठेवून ते दिसेनासे झाले. सकाळी राजाला उमगले व त्याने रामदासांस मुक्त केले.

ही कथा आम्ही मंडळींस सांगितली तेव्हा आमच्यातील सर्वांत वडील असलेल्या माईंनी विचारले, “देवाक पावती कित्याक?”

भाऊ भिंतीवरील आकृतींकडे पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, “देवाक न्हय माई, दासाक.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. आम्हांस मात्र त्या दोन शब्दांत या कथेचे मर्म सापडले.

कायद्याने पाहिले तर रामदासांचा खटला सरळ आहे. लोकसेवकाने विश्वासाने हाती आलेला पैसा दुसरीकडे वळविला, तर तो गुन्हा होय. भारतीय दंडसंहितेत यासाठी ४०९ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात त्याची तरतूद आहे. हेतू पवित्र होता, हा त्यावर पूर्ण बचाव नव्हे. नंतर रक्कम भरली म्हणून गुन्हा पुसला जातो असेही नाही. तानाशहाने जे केले ती राजाची क्षमा होती. देवतेलाही आपला कायदा व्यक्ती मानतो. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच तसे स्पष्ट केले आहे. म्हणून देवाच्या नावे जमीन असते, ठेव असते. आणि ज्याच्या नावे मालमत्ता असते त्याच्या नावे देणेही असू शकते.

परंतु या कथेत आम्हांस खरा अचंबा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. ही कथा राजाच्या बखरकाराने रचलेली नाही. भक्तांनी पिढ्यान्पिढ्या सांगितलेली आहे. भक्तांना मोकळीक होती. रामाने कोठडीची भिंत फोडली असे ते सांगू शकले असते. राजाच्या स्वप्नात येऊन त्याला धाक घातला, किंवा देवाच्या कामाला लागलेला पैसा मागणे हेच पाप होय असे बजावले, असेही सांगता आले असते. त्यांनी यांतले काहीही सांगितले नाही. त्यांचा राम मुकाट्याने येतो, मोहरा मोजतो आणि पावती घेतो. राज्याचा पैसा राज्याला मिळालाच पाहिजे, हे त्या भोळ्या म्हटल्या जाणाऱ्या लोकांनी गृहीतच धरले होते. शेतकऱ्याच्या घामाचा वसूल देवासाठी वापरला तरी तो उसना घेतलेला असतो, आणि उसने फेडल्यावाचून देवाच्याही नावाला सोडवणूक नाही, ही त्यांची श्रद्धा. या श्रद्धेने भक्ताला लहान केले नाही, उलट देवाला मोठे केले.

आपल्या देवस्थानांचे कारभारी कायद्याने बांधलेले आहेत. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. गोव्यात १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजनांचा कारभार चालतो. हिशेब ठेवणे व तो दाखविणे हे त्यांत आलेच. तथापि हिशेब मागणारा मनुष्य पुष्कळदा नास्तिक ठरविला जातो, व हिशेब देणे म्हणजे आपल्या निष्ठेचा अपमान असे देणाऱ्यास वाटते. दोघांचीही समजूत चुकीची होय. पावती ही अविश्वासाची खूण नव्हे; सेवकाला मान वर करून देवापुढे उभे राहता यावे, म्हणून ती असते. अन्नदानाला पैसा देणाऱ्याने मनात भुकेल्याचे ताट पाहिलेले असते. त्या ताटाऐवजी चांदी चढली, तर देवाची शोभा वाढली तरी त्या दात्याचे देणे बाकी राहते.

तानाशहाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला, व १६८७ च्या सप्टेंबरात फितुरीने दरवाजा उघडला गेला. टाळीची वर्दी देणारा घुमट तेव्हा कामास आला नाही, कारण शत्रूला वाट करून देणारा आतलाच होता. तानाशहाला आपल्या मराठवाड्यातील दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, आणि तेथेच त्याचा अंत झाला. दुसऱ्यास कोठडी दाखविणाऱ्याच्या वाट्याला कोठडी आली. तरी त्याच्या नावाने चालत आलेला एक रिवाज उरला आहे. रामनवमीला भद्राचलमच्या सीताराम कल्याणात अक्षतांबरोबर जे मोती वाहिले जातात, ते राज्यातर्फे पाठविले जातात. मूळ मोती तानाशहाने पाठविले, अशी परंपरा आहे. ज्या राजाचे देणे रामाने फेडले, त्या राजाने रामाच्या लग्नाला आहेर पाठवावा, हा व्यवहारही किती शोभिवंत!

त्या संध्याकाळी मुक्कामी जेवताना अध्यक्षांनी भाऊंना दोन वर्षांनी प्रथमच हाक मारली व विचारले, “पत्र्याला एकूण किती लागले होते हो?” भाऊंनी आकडा सांगितला, तो त्यांना रुपयापैशांसह तोंडपाठ होता. अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या सभेला कागदावर घेऊन या. वर्गणी काढून अन्नदानाचे अन्नदानात परत घालू.” भाऊंनी मान हलविली. एवढेच बोलणे झाले. सभा व्हावयाची आहे, आणि तेथे काय होते ते इतिवृत्तात येईलच. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची गाडी गोदावरीच्या वाटेला लागली, तेव्हा माईंनी पत्थरगट्टीला घेतलेली मोत्यांची पुडी उघडून दाखविली. पुडीबरोबर दुकानदाराची पावतीही त्यांनी जपून ठेवली होती.