किद्दूशचे शरबत

गेल्या शरद ऋतूत आम्हांस न्यूयॉर्क राज्यातील वेस्टफील्ड या लहानशा गावी जाण्याचा योग आला. ईरी सरोवराच्या काठी कॉन्कॉर्ड जातीच्या काळ्या द्राक्षांचे मळे दूरवर पसरले असून त्यांच्या वासाने सारे गाव दरवळले होते. न्यू जर्सीतील दंतवैद्य टॉमस वेल्च यांनी १८६९ साली द्राक्षरस तापवून, आंबू न देता टिकविण्याची युक्ती काढली. ख्रिस्ती उपासनेच्या पेल्यात मद्य नसावे, हा त्यांचा हेतू. त्यांच्या मुलाने तो व्यवसाय १८९७ साली या गावी आणला.

ही हकीकत कळताच आम्हांस अलिबागकडील आपले घर आठवले. शुक्रवारी सकाळी आई काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालीत असे. सायंकाळी त्या कुस्करून, स्वच्छ फडक्यातून गाळून किद्दूशचे शरबत सिद्ध होई. कोकणात द्राक्षमळे नव्हते. तरी किद्दूशचा पेला कधी रिता राहिला नाही.

अमेरिकेत एका पाहुण्याने ‘हा कसला द्राक्षरस?’ असे विचारले आणि आम्ही लाजेने विकतची बाटली आणू लागलो. जन्मभर इतरांच्या मुलांना शिकविले. स्वतःच्या मुलांना हा पाठ दिला नाही!

परतल्यावर आम्ही मनुका भिजविल्या. नातीने त्या आपल्या हातांनी कुस्करल्या. बेराखा तीच, गोडीही तीच. बंधुभगिनींनो, घरातील वडीलधाऱ्यांना ही रीत विचारून मुलांच्या हातून एकदा तरी करवून घ्या.