कुंपणाच्या आत, कुंपणाच्या बाहेर

अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये शिरताना सुरक्षारक्षकाने आत्याची पिशवी उघडली. आत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि प्लॅस्टिकच्या डब्यात लिंबाचं लोणचं. त्याने डबे हलवून पाहिले, काचेची बाटली नाही एवढी खात्री केली आणि पिशवी परत दिली. आत्याचा विश्वास बसेना. पुण्याहून निघाल्यापासून ती या क्षणाची धास्ती घेऊन होती, कारण आपल्याकडच्या बहुतेक मनोरंजन उद्यानांत घरचा डबा दाराबाहेर ठेवावा लागतो आणि आत गेल्यावर मिळेल ते, मागतील त्या भावाने घ्यावं लागतं. इथे स्वतःपुरतं खाणं आणायला मुभा आहे. मुख्य दाराबाहेर शिदोरी सोडून बसायला बाकंही आहेत, आणि आतल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की पेलाभर फुकट मिळतं.

मला ही सवलत फार मोलाची वाटते. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क आहे असं सांगितलं, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल हेही बजावलं. तहान लागलेल्या माणसाकडून पैसे काढणं सोपं असतं म्हणूनच ही अट लागते. उद्यानात तर माणूस तीन तास नव्हे, दिवसभर अडकलेला असतो, आणि बरोबर मुलं असतात.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा तिथलं खाणं बऱ्याच अंशी जाहिरातीचा भाग होतं. निरनिराळ्या खाद्यकंपन्या आपल्या नावाने रेस्टॉरंटं चालवत आणि येणाऱ्याच्या तोंडी आपली चव बसवत. फ्रिटो कंपनीचं ‘कासा दे फ्रिटोज’ हे त्यातलंच. तिथे टॉर्टिया पुरवणाऱ्या कंपनीच्या विक्रेत्याने शिळ्या टॉर्टिया कचऱ्यात जाताना पाहिल्या आणि त्या तुकडे करून तळा असं स्वयंपाक्याला सुचवलं, अशी हकिगत सांगतात. ते तुकडे गिऱ्हाइकांना इतके आवडले, की कंपनीने ते बाजारात आणले आणि १९६६ मध्ये ‘डोरिटोज’ देशभर विकायला सुरुवात झाली. कासा दे फ्रिटोजच्या जागी आता ‘रँचो देल सोकालो’ हे मेक्सिकन रेस्टॉरंट आहे. आम्ही त्याच्या अंगणात थोडा वेळ सावलीला बसलो. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब घरून आणलेले सँडविच खात होतं आणि त्यांना कोणी हटकलं नाही.

आत्या शाकाहारी, त्यामुळे आमचा दिवस ‘हिला काय मिळेल’ या प्रश्नाभोवती फिरला. आणि इथेच मोठा बदल दिसला. पूर्वी अमेरिका पाहून आलेल्या शाकाहारी मंडळींच्या तोंडी एकच गोष्ट असे, बटाट्याचे तळलेले काप आणि सॅलडची पानं. २०१९ मध्ये डिस्नेने आपल्या अमेरिकेतल्या उद्यानांत वनस्पतिजन्य पदार्थ वाढवायचं आणि मेन्यूवर त्यांना हिरव्या पानाची खूण लावायचं जाहीर केलं. ती खूण शोधत आम्ही न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरमधल्या ‘टियानाज पॅलेस’मध्ये पोचलो. हे रेस्टॉरंट सप्टेंबर २०२३ मध्ये उघडलं, जुन्या ‘फ्रेंच मार्केट’च्या जागेत. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातल्या टियानामागची प्रेरणा म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या नामवंत कृष्णवर्णीय पाककर्त्या लीआ चेस. तिथे पालेभाज्यांचा बिनमांसाचा गम्बो मिळाला. गम्बो म्हणजे भातावर घ्यायचं दाट, मसालेदार कालवण. आत्याने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, यात शिजवलेल्या भाजीची चव आहे!” या उद्गाराची किंमत दिवसभर बेचव गरम पाव खाऊन पाहिलेल्यालाच कळेल.

दुपारी ‘टिकी रूम’ या खेळापाशी अननसाचं ‘डोल व्हिप’ घेतलं. डोल कंपनी १९७६ पासून त्या खेळाची प्रायोजक आहे. थंड, आंबटगोड, दुधाचा थेंब नसलेलं. उन्हाच्या त्या वेळी त्याहून चांगलं काही सुचलं नसतं, आणि दिलेले पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटलं.

पैशांचा विषय मात्र टाळता येत नाही. १९५५ मध्ये मोठ्यांचं प्रवेशमूल्य एक डॉलर होतं, खेळांची तिकिटं वेगळी. २०२४ अखेर एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे १०४ ते २०६ डॉलर झालं. एवढं मोजून आत आलेल्या कुटुंबाला जेवणाचा प्रत्येक आकडा बोचतो. त्यातून आता जेवण मोबाइलवर मागवायचं असतं. वेळ निवडा, पैसे भरा, मग ‘मी आलोय’ कळवा. रांग वाचते हे खरं, पण पदार्थ डोळ्यांनी पाहून, वास घेऊन निवडायचा आनंद जातो. आत्यासारख्या माणसाला तर शेजारी माझी इथली बहीण नसती तर जेवणच मागवता आलं नसतं.

त्याच प्रवासात आम्ही आणखी एका उद्यानात गेलो. तिथे डबा नेता येत नव्हता, आणि ताटात आलं ते गार झालेलं बर्गर आणि मऊ पडलेले बटाटे. तिथे स्वयंपाक वाईट करणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. उपाशी गिऱ्हाईक उद्याही येणार होतं.

याच्या नेमकं उलट काय होतं ते पाहायला ब्युएना पार्कला जावं. डिस्नेलँडपासून गाडीने फार लांब नाही. तिथलं नॉट्स बेरी फार्म आज मोठमोठ्या रोलर कोस्टरसाठी ओळखलं जातं, पण त्याचा जन्म स्वयंपाकघरात झाला. वॉल्टर नॉट यांनी १९२० मध्ये इथे खंडाने जमीन घेऊन बेरीची लागवड केली. रस्त्याकडेला फळं, मग मुरंबे, मग छोटंसं चहापानगृह. अ‍ॅनाहाइमच्या रुडॉल्फ बॉयझन यांनी तयार करून सोडून दिलेल्या संकरित बेरीची सुकत चाललेली रोपं वॉल्टर यांनी आणून जगवली आणि त्या फळाला बॉयझन यांचंच नाव दिलं. जून १९३४ मध्ये, ऐन मंदीत, त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत तळलेल्या कोंबडीची आठ जेवणं वाढली. ताटाला ६५ सेंट, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण १५ डॉलर. पुढच्या काही वर्षांत रविवारी इतकी गर्दी होऊ लागली, की ताटकळणाऱ्यांना विरंगुळा म्हणून वॉल्टर यांनी १९४० पासून जुन्या खाणवस्तीसारखं एक गाव उभारायला घेतलं. लोक जेवायला येत, खेळ त्यानंतर आले.

१९६८ मध्ये बागेला कुंपण घातलं गेलं आणि प्रवेशशुल्क आलं. मिसेस नॉट यांचं रेस्टॉरंट कुंपणाबाहेर राहिलं, आजही आहे. माझ्या मते त्या जेवणाची प्रत टिकण्याचं हे सर्वांत मोठं कारण. इथे बसलेल्या कोणालाही उठून समोरच्या हमरस्त्यावर दुसरीकडे जाता येतं, आणि गावातली माणसं तिकीट न काढता नुसती जेवायला येतात. आम्ही गेलो तेव्हा आजी-आजोबा, चर्चमधून आलेलं एक कुटुंब, कामाच्या गणवेशातली दोन माणसं, अशी सगळी मंडळी होती. सुरुवातीला रुबार्बची आंबटगोड वाटी, गरम बिस्किट, मग कुरकुरीत सालीची, आतून रसाळ कोंबडी, कुस्करलेला बटाटा आणि शेवटी बॉयझनबेरी भरलेला गोड ‘पाय’. सालीतल्या मिरीची चव अजून जिभेवर आहे. आत्याने बिस्किट, मका आणि बटाटा घेतला. ती पोटभर जेवली.

कुंपणाच्या आत नॉट्सने वेगळा मार्ग धरला आहे. वर्षभराच्या पाससोबत जेवणाचाही पास मिळतो, ठरावीक अंतराने पुन्हा जेवता येतं. जवळ राहणाऱ्या तरुणांना तो परवडतो. लांबून एकदाच येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, आणि त्याच्यासाठी सुट्या ताटाचा भाव तेवढाच चढा राहतो. दर वसंतात भरणाऱ्या बॉयझनबेरी महोत्सवात मात्र आतले स्वयंपाकीही हात मोकळा सोडतात, असं बहीण सांगत होती. ती मुलांना घेऊन त्यासाठी मुद्दाम जाते.

संध्याकाळी आम्ही आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डला गेलो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भारतीयांचा हा बाजार ब्युएना पार्कहून गाडीने जवळच आहे. साडीची दुकानं, सोनार, मिठाई, डोसा, चाट. उद्यानांतून परतणारी मराठी, गुजराती, पंजाबी कुटुंबं इथे येऊन जेवतात. आत्याने भाव वाचले, बहिणीला रुपयांत हिशेब विचारला आणि दोन पाणीपुरी मागवल्या. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी.