बोटांआडचा उजेड

आमच्या काचेच्या कपाटात सावंतवाडीची लाकडी फळं असायची. चितारआळीतून आणलेली. हापूस, सीताफळ, देठाशी हिरवट पेरू, केळ्यांवर तर काळे ठिपकेसुद्धा. घरी आलेली लहान मुलं आंबा मागायची. मोठी माणसं मात्र दारातूनच विचारायची, "वाडीची ना?" आकार चोख, रंग चोख, मग यांना कळतं कशावरून, हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं.

उत्तर उजेडात आहे. पिकल्या आंब्यावर पडलेला उजेड सालीपाशी थांबत नाही. थोडा आत शिरतो, गरात विखुरतो आणि मवाळ होऊन परत येतो. रंगवलेल्या लाकडावर तो वरच्यावरच अडतो. वस्तू कोणती हे आकार सांगतो. ती कशाची, हे उजेड तिच्याशी कसा वागतो त्यावरून कळतं. घासलेल्या पितळी समईची झळाळी पिवळी असते, तितक्याच पिवळ्या प्लास्टिकच्या बादलीवरची चमक पांढरी. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, पण डोळा चुकत नाही. लावण्या शरण, एडवर्ड अॅडेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कापड, काच, दगड, पाणी यांची छायाचित्रं लोकांना अवघी ४० मिलिसेकंद दाखवली होती. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तरी बहुतेकांनी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. खरी आणि नकली फळंफुलंही त्यांना ओळखू आली.

म्हणूनच मला सावंतवाडीच्याच सावळाराम हळदणकरांचं मोठं नवल वाटतं. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र कॅलेंडरांमुळे घरोघरी पोचलं. कितीतरी जण ते अजून रविवर्म्याचं समजतात, याचं वाईट वाटतं. मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी होती. ज्योतीआड धरलेल्या तिच्या पंजातून उजेड झिरपतो आणि बोटं आतून तांबूस होतात. म्हणून ती बोटं रंगाची वाटत नाहीत, मांसाची वाटतात. आणि हे सारं जलरंगात! कागदाला गर नसतो. उजेड शिरायला आत जागाच नाही, तरी तो शिरलेला दिसतो. इतकं अवघड काम मी दुसऱ्या मराठी चित्रात पाहिलेलं नाही.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. गेलात तर चेहऱ्याआधी बोटं पाहा.